कड्यावरची शांतता

शनिवार, १६ नोव्हेंबर

डायरी लिहिणाऱ्या पुरुषांची मी आजवर टिंगल करत आलो. आता स्वतःच लिहायला बसलो आहे, कारण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही. म्हणजे प्रेमा आहे. पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे. पण बायको हल्ली माझ्याशी बोलतच नाही.

भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मी मिटवलं असतं, तेवढा सराव आहे. ती इथे कुवेतच्या सरकारी इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाली आणि तेव्हापासून हे सुरू आहे. दोन वाक्यं विचारावीत तेव्हा एक शब्द मिळतो. काल जेवताना ताटातून नजर वर न करता म्हणाली, "मी मार्चमध्ये तळेगावला जाते. तुमची नोकरीची राहिलेली दोन वर्षं संपली की तुम्ही या."

"सुट्टीला जातेस का?" मी विचारलं. त्यावर ती काहीतरी पुटपुटली आणि मग म्हणाली, "काही नाही, जाऊ दे."

या वयात नवऱ्यानं दस्मानच्या फ्लॅटमध्ये एकट्यापुरता वरणभाताचा कुकर लावायचा आणि बायकोनं तिकडे तळेगावच्या घरात! मला हे अजिबात मान्य नाही. मी घाबरलो आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

अबोलीला मेलबर्नला कळवलं. आमची एकुलती एक. पूर्वी फोन करायची, आता नुसते मेसेज पाठवते. या पिढीला तोंडानं बोलायचा कंटाळा. ती आणि तिचा नवरा तिथल्या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात सुट्टीच्या दिवशी छोट्या छोट्या पायवाटा चालतात. पिळवटलेल्या पांढऱ्या खोडांची झाडं, मागे बर्फाचे ठिपके, असे फोटो येतात. वाटेच्या तोंडाशी जाऊन यायला किती वेळ लागेल याची पाटी असते म्हणे. तिचं उत्तर आलं: "बाबा, जस्ट टेक हर फॉर अ वॉक. छोटासा. मॉलमध्ये नाही, प्लीज."

कुवेतमध्ये मी डोंगर कुठून आणू? पण सूचना वाईट नाही. चालताना माणूस बोलतो. दर शुक्रवारी एक छोटी वाट चालायची. मार्चपर्यंत प्रेमाला बोलती करायची आणि हे जाण्याचं खूळ तिच्या डोक्यातून काढायचं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पहिली वाट खैरानला. दक्षिणेला गाडी हाकत गेलो, सुट्टीवाल्यांच्या बंगल्यांची रांग संपते तिथे गाडी लावली आणि खाडीच्या काठानं चालू लागलो.

इतकी वर्षं या देशात काढली, पण फरशी किंवा डांबर नसलेल्या जमिनीवर माझा पाय क्वचितच पडला असेल. घर, लिफ्ट, गाडी, दवाखाना, कोपऱ्यावरचा बकाला म्हणजे वाण्याचं दुकान, घर. आज ओल्या वाळूत पाय रुतला तेव्हा आधी दचकलोच. पाणी इतकं स्वच्छ की तळाशी खेकड्याची सावली खेकड्याच्या आधी दिसत होती. एक करडा बगळा गुडघाभर पाण्यात उभा होता. आम्ही पार जवळ गेलो तरी हलेना. मी टाचांवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. पलीकडे समुद्राच्या बाजूला लाटा धपाधप येऊन आपटत होत्या, तो आवाज छातीत घुमत होता. असं काही आपल्या घरापासून तासाभरावर आहे आणि आपण दर शुक्रवारी झोपा काढल्या!

प्रेमानं चपला हातात घेतल्या. "कित्ती दिवसांनी," ती म्हणाली. हे मला स्वच्छ ऐकू आलं कारण ती माझ्याकडे वळून म्हणाली. मग परतताना गाडीत काहीतरी बोलली, मी "हं?" म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत बसली. असो. पहिल्याच दिवशी दोन शब्द मिळाले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

दवाखान्यात वैताग. मी शर्कमधल्या एका खाजगी दवाखान्यात लोकांचे कान तपासतो. काचेच्या आड बंद खोलीत माणूस बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून बारीक-मोठे सूर वाजवतो, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. आमच्या कामात एक नियम आहे. रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी तेच हेडफोन आपण स्वतःच्या कानाला लावून सगळे सूर ऐकायचे. यंत्र धड आहे की नाही हे आपल्या कानानं ठरवायचं.

तर उन्हाळ्यापासून या हेडफोनमधले वरच्या पट्टीतले सूर अगदीच मेले आहेत. एकदा दुरुस्तीला पाठवले, 'दोष नाही' म्हणून परत आले. आज पुन्हा पाठवले. कंपनीच्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच बिघडलो आहे.

हीना म्हणाली, "सर, उद्यापासून सकाळचं चेकिंग मी करते ना. तुम्ही आरामात चहा घ्या." हीना माझ्या हाताखाली आहे, रत्नागिरीकडची. गुणी मुलगी. प्रेमाशी फोनवर तासन्‌तास बोलते. म्हणजे प्रेमाला बोलता येतं, फक्त माझ्याशी नाही.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ मुलीबरोबर आले. बापानं काही विचारलं की मुलगी म्हणे, "नथिंग, लीव्ह इट." मी तिला बाजूला घेऊन चांगलं झापलं. म्हटलं, ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगा, समोर येऊन सांगा, पण 'काही नाही, जाऊ दे' असं कधी म्हणू नका. रोज असं म्हटलं की माणूस घरात राहूनही घराबाहेर पडतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. हीना माझ्याकडे बघतच राहिली. वाक्य तिला आवडलं असावं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज मी जे अनुभवलं ते लिहायला माझ्याकडे शब्द कमी आहेत.

शहरासमोरच्या मोठ्या खाडीच्या उत्तरेला कुंपण घातलेलं राखीव रान आहे. परवानगी काढून शुक्रवारी सकाळी लहान गट आत जातो. मुनिरा नावाची कुवेती बाई नेते, शाळेत जीवशास्त्र शिकवते, बोलते इंग्रजीत आणि मध्येच हिंदी सिनेमातलं एखादं वाक्य फेकते. तिनं सांगितलं, वाट छोटी आहे, कड्यापर्यंत जायचं आणि यायचं.

कडा म्हणजे काय, आपल्याकडच्या कुठल्याही टेकडीनं हसावं एवढाच. पण हा देश ताटासारखा सपाट आहे. खडीतून, खुरट्या झुडपांमधून चालत गेलो आणि एकाएकी पुढची जमीन संपली. खाली तांबूस मातीच्या घळी, त्यापुढे पांढरट दलदल, मग सगळी खाडी, आणि पार पलीकडे धुक्यात आमचं शहर, उदबत्तीच्या काड्या उभ्या कराव्यात तेवढंसं. त्या काड्यांमध्ये मी अर्धं आयुष्य घालवलं. मी दोन पावलं मागे सरलो. उंचीनं नाही, एवढी जागा एकदम दिसली म्हणून.

आणि तिथली शांतता! आमची ती बंद खोली बांधायला दवाखान्यानं केवढा खर्च केला, पण अशी शांतता तिच्यातही नाही. वारा थांबला की काही म्हणजे काहीच नाही. पाखरू नाही, किडा नाही. झुडपं हलताना दिसत होती तीही बिनआवाजाची. मी टोपी काढून उभा राहिलो. देवळात क्वचितच जातो, पण आज हात आपोआप जुळले.

प्रेमा सारखी थांबत होती, मान वळवत होती. दमली असावी.

बुधवार, ११ डिसेंबर

प्रेमाला कणकण. घरातला थर्मामीटर वाजेना म्हणून औषधाच्या दुकानातून नवा आणला. तोही मुका. मी वाट बघत बसलो, तर तिनं स्वतःच काढून बघितला. "वाजून गेला," म्हणाली. मी म्हटलं, आता ही यंत्रंसुद्धा माझ्याशी बोलेनाशी झाली! ती हसली नाही. ताप होता, नसेल हसावंसं वाटलं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आठवड्यात पाऊस झाला. आज रानात पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट की मुनिराचा लाल मफलर तेवढा पुढे चालत होता. कड्यावर चढलो आणि धुकं आमच्या पावलांखाली राहिलं! वर कोरडं निळं आभाळ, खाली पांढरं पसरलेलं, खाडी नाही, शहर नाही, रस्ता नाही. आम्ही सातआठ माणसं एका लांबलचक दगडी बोटीवर उभी. कुणी फोन काढला नाही. मुनिराही नुसती उभी होती, आणि ती तर दर आठवड्याला येते.

पायाशी बघितलं तर खडीतून हिरवे कोंब आलेले, राईच्या दाण्याएवढी पानं. पाण्याच्या दोन सरी काय पडल्या, या दगडगोट्यांतून जीव वर आला. वाकून बघताना माझ्या अंगावर काटा आला.

प्रेमा डोळे मिटून दरीकडे तोंड करून उभी होती. मुनिरानं कानामागे हात धरला होता. वारा लागत असावा. मग प्रेमा माझ्या समोर आली आणि म्हणाली, "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय तर," मी म्हणालो. "ही शांतता."

तिनं माझ्याकडे जे बघितलं ना, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची तसं. डोळे भरून आले होते. मी मनात म्हटलं, शशिकांत, योजना फळाला आली.

शुक्रवार, १७ जानेवारी

कसली फळाला! तिनं तिकीट काढलं. मार्चच्या वीस तारखेचं, जाण्याचं फक्त. मला चहा देताना सांगितलं, दूध संपलंय म्हणावं तसं.

आज रानात गेलो नाही. मी बाल्कनीत, ती आत. मी विचारलं, "माझं काय चुकलं ते तरी सांग." ती दाराच्या चौकटीशी येऊन म्हणाली, "सांगून झालं हो सगळं." कधी सांगितलं? मला काहीच आठवत नाही. मी आयुष्यात कधी तिच्यावर हात उगारला नाही, पगार तिच्या हाती दिला, स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. मला फार एकटं वाटतं आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज अक्षर वाईट येईल.

सगळं रान हिरवं झालं होतं. लांबून साय धरल्यासारखं, जवळून बघावं तर पिवळी फुलं, शर्टाच्या बटणाएवढी, बघावं तिथपर्यंत. लोक पाऊल कुठे टाकावं म्हणून खोळंबत होते. कड्याच्या अलीकडे मुनिरानं एकदम हात वर केला. सगळे थबकले. "उम्म सालेम," ती कुजबुजली असावी, कारण मग तिनं माझ्याजवळ येऊन पुन्हा सांगितलं. वाळवंटातला चंडोल. त्याला इथे लोक 'सालेमची आई' म्हणतात.

तिनं दुर्बीण माझ्या हातात दिली. झुडपाच्या शेंड्यावर वाळूच्या रंगाचा पक्षी, चोच लांब, थोडी वाकडी. बघता बघता तो सरळ वर उडाला, दोरीनं ओढल्यासारखा. वर जाऊन पंख उघडले आणि काय सांगू, त्या मातकट पाखराच्या आत काळेपांढरे पट्टे लपवलेले होते! तो गिरकी घेत कोसळला, आता आपटणार म्हणेपर्यंत पंख पसरून त्याच झुडपावर अलगद बसला. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. पुन्हा वर, पुन्हा खाली.

मग तो बसला असताना मी दुर्बीण त्याच्या तोंडावर नीट धरली. चोच उघडी होती. नुसती उघडी नाही, उघडत होती, मिटत होती, गळ्याची पिसं थरथरत होती.

मी दुर्बीण खाली केली. सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मुनिराचे ओठ किंचित उघडे. एक तरुण मुलगा स्तब्ध. प्रेमाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. सगळे ऐकत होते. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखू येतो, त्यावरच माझं पोट चालतं.

आणि माझ्या कानात ती शांतता. माझी ती देवळातली शांतता.

प्रेमा वळली. "ऐकलंत?"

"हो," मी म्हणालो. "फारच सुंदर."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती पुढे चालू लागली.

रविवार, २ फेब्रुवारी

शेवटचा पेशंट गेल्यावर मी हीनाला म्हटलं, माझे कान तपास. तिनं का म्हणून विचारलं नाही. मी बंद खोलीत जाऊन बसलो. काचेतून तिचा हात दिसत होता, कधी सूर वाजवते ते कळलं असतं आणि मी अंदाजानं बटण दाबलं असतं. म्हणून खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

खालचे सूर आले. मधले आले, लांबून. मग येईनासे झाले. ती वाजवते आहे हे मला ठाऊक होतं, आमची पद्धतच तशी, माणूस दाद देईना की आवाज वाढवत जायचं. मी बटणावर अंगठा ठेवून भिंतीकडे बघत बसलो. रडू आलं ते ऐकू न येण्याचं नव्हतं. दोनदा दुरुस्तीला धाडलेल्या त्या हेडफोनचं होतं. जगातल्या कुठल्याही माणसानं आधी स्वतःच्या कानावर संशय घेतला असता. मी यंत्रावर घेतला, कारण माझा कान म्हणजे प्रमाण!

बाहेर आलो तर हीनाचे डोळे लाल. "सर, मी उन्हाळ्यातच ओळखलं होतं. पण तुम्हाला सांगायचं कुठल्या तोंडानं? मॅडमनी सांगून बघितलं ना, तुम्ही हसलात म्हणे."

हसलो होतो. प्रेमा म्हणाली होती, एकदा कान दाखवून घ्या, आणि मी म्हटलं होतं, कुणाला? मलाच? तो विनोद मी मित्रांनाही सांगितला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

श्रवणयंत्रं आली. हीनानं बसवली. पहिल्यांदा मला माझाच शर्ट ऐकू आला. मग जिन्यात किल्ल्या, लिफ्टचं टिंग, बकाल्यातल्या पिशवीची चुरचुर. हे लिहिताना पेन कागदावर खरवडतं आहे! लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, 'जरा सवय होऊ द्या.' आता कळतं, त्यांना सवय नको असते, त्यांना रस्त्यात उभं राहून सगळ्यांना सांगायचं असतं.

प्रेमाला मात्र सांगितलेलं नाही. घरात शिरताना काढून खिशात टाकतो. सांगितलं तर कीव येऊन राहील, नाहीतर म्हणेल, आता कळलं का, आणि जाईलच. आधी त्या पाखराचं गाणं ऐकायचं. मग तिला ते कसं होतं ते सांगायचं, म्हणजे माझा 'हो' खोटा राहणार नाही. असा हिशोब आहे. शहाणपणाचा आहे का माहीत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वारा बोचरा होता, त्यामुळे कानटोपी घालायला कारण मिळालं. यंत्रं आत. लोकर घासून खरखर होत होती, पण चालेल.

गट पुढे गेला. वाट अरुंद, म्हणून मी पुढे आणि प्रेमा मागे, नेहमीसारखी. पहिल्यांदा ऐकू आली खडी. प्रत्येक पावलाला वेगळा आवाज. इतके आठवडे मी या वाटेवर पाय न वाजवता चालत होतो! मग वाळलेल्या काड्यांची सळसळ, कसल्याशा माशीची गुणगुण. मी मान वर करून चंडोल शोधत होतो. आज तो आलाच नाही. झुडूप रिकामं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं.

"गुडघा आज बरा आहे हो. तेल लावलं काल."

मला वाटलं कुणाशी फोनवर बोलते आहे. मी चालत राहिलो.

"ही जांभळी फुलं मागच्या वेळी नव्हती. आईला हा रंग फार आवडायचा. सावकाश, तुमच्या डाव्या पायाखाली दगड हलतोय... अबोलीचा फोन आला होता. म्हणते, आई, तू एकटी तळेगावला काय करणार? मी म्हटलं, इथे काय करते? तिथे निदान भिंती तरी आपल्या."

आवाज हळू, रोजचा, सहज. जेवण वाढताना बोलावं तसा. मधूनमधून 'हो', मधूनमधून 'अहो'. ती माझ्याशी बोलत होती. माझ्या पाठीशी. मला ऐकू येत नाही हे धरूनच बोलत होती, आणि सवय इतकी अंगवळणी पडलेली की हे आजचं नव्हे. खैरानच्या वाळूत, धुक्यात, फुलांत, दर शुक्रवारी ती माझ्या मागून बोलत चालली असणार. अख्खा हिवाळा. मी पुढे, तोंड वर करून, शांततेला नमस्कार करत.

समोर कडा उघडला, खाली खाडी लख्ख निळी, असं सगळं होतं, आणि मला त्यातलं काही नको होतं. मला फक्त मागून येणारा तो आवाज हवा होता. थांबलो तर ती गप्प होईल या भीतीनं मी चालत राहिलो.

"तुम्ही वाईट नाही हो," ती म्हणाली. "मला जायची हौस नाही. पण राहून तरी बोलू कुणाशी?"

"माझ्याशी," मी म्हणालो.

मागची पावलं थांबली.

मी वळलो, टोपी काढली. वाऱ्यात केस उडत होते आणि कानांमागे ती दोन यंत्रं. प्रेमा बघत राहिली. मग जवळ येऊन तिनं बोटानं माझ्या डाव्या कानातली नळी नीट बसवली, पेशंटची सरळ करावी तशी. तिचं बोट नळीला घासलं, त्याचीसुद्धा खरखर मला ऐकू आली.

"कुठपासून ऐकलंत?"

"गुडघ्यापासून."

"म्हणजे आधीचं सगळं गेलंच," ती म्हणाली आणि कड्यावरच्या एका सपाट दगडावर बसली. शेजारची जागा हातानं साफ केली. मी बसलो.

"ते तिकीट..." मी सुरुवात केली.

"ते नंतर. आधी ऐका," प्रेमा म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.